फाइल कोणाकडे आहे

इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर, दोन खोल्यांत आमची कंपनी होती. कंपनी म्हणायचं एवढंच. मालक, मी आणि जवळच्या महू गावाहून येणारे एक सहकारी, एवढाच कारभार. मालक खालच्याच दुकानदाराचे चिरंजीव. घरचा धंदा सोडून कंप्यूटरच्या नादी लागले म्हणून वडिलांनी त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं होतं. सगळी गल्ली त्यांना भिया म्हणायची, म्हणून आम्हीही भियाच म्हणायचो. महूच्या सहकाऱ्यांना मी भाऊ म्हणायचे आणि ते वयाने मोठे असूनही मला ताई म्हणायचे. त्यांचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे भाऊंच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा सावधानमध्ये उभी असायची.

सोयाबीनचं तेल काढणारे कारखाने तेव्हा इंदूरच्या चारी बाजूंना उभे राहत होते. आम्ही त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहायचो. ट्रॅक्टर फाटकातून आत येतो, धरमकाट्यावर चढतो, वजन होतं, मालात ओल किती ते पाहून वजनातून काट लागते आणि पावती छापून बाहेर येते, हे सगळं आमचा प्रोग्राम करायचा. सांवेरच्या एका कारखान्यात तो हंगामात दिवसभर चालू असे. ही पावती प्रोग्रामच्या ज्या फाइलीतून निघायची तिला आम्ही काटा फाइल म्हणायचो. भाऊंना आणि मला दोघांनाही रोज तिच्यातच काहीतरी बदलायचं असायचं. दोघांनी एकाच वेळी बदललं तर एकाचं लिखाण दुसऱ्यावर चढून पुसलं जायचं. त्यावर आमची पद्धत साधी होती. मी जागेवरून ओरडायचे, "काटा फाइल कोणाकडे आहे?" भाऊ म्हणायचे, "माझ्याकडे. जेवणानंतर घ्या." संपलं. या पद्धतीत आमचं कधी काही हरवलं नाही.

घरी बाबा होते. ते मिलच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीवर, क्लार्क होते आणि मिल बंद पडून काही वर्षं झाली होती. आमच्या परदेशीपुऱ्यातले त्यांच्यासारखे कितीतरी लोक सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चौकात पोहे खाऊन घरी परत यायचे. बाबाही तेच करायचे. दिवसभर त्यांचा जीव कशात रमत नसे, म्हणून संध्याकाळी माझी हजेरी घ्यायचे. आज काय केलं, कशासाठी केलं, किती झालं. टाइम ऑफिसात होते ना.

मग भियांच्या मेहुण्याने अमेरिकेतलं एक गिऱ्हाईक मिळवून दिलं. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. बाहेरच्या देशाचं काम राजवाड्याच्या गल्लीत येणार, देश खुला झाला म्हणतात तो हाच, असं भिया सगळ्यांना सांगत सुटले. गिऱ्हाईकाची एकच अट होती. आमचं सगळं लिखाण एका खास सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं. कोणी कोणती फाइल कधी घेतली, तिच्यात काय बदललं, हे ते सॉफ्टवेअर लक्षात ठेवणार. जुनी प्रत जपून ठेवणार. एकाने फाइल घेतली की दुसऱ्यासाठी तिला कुलूप लावणार.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. ओरडायची गरज नाही, कोणाचं पुसलं जाण्याची भीती नाही. सीडी आली, तिच्याबरोबर उशीएवढं जाड मॅन्युअल आलं. भियांनी उदबत्ती लावली. भिया म्हणाले, "देखो, क्लाइंट ने बोला है तो अब अपना सारा काम इसी में होगा. काटा भी."

पहिल्या आठवड्यातच माझं डोकं उठलं. फाइल घ्यायच्या बटणावर 'चेक आउट' लिहिलं होतं. आम्हाला चेक आउट माहीत होतं ते हॉटेलातून बिल देऊन निघण्याचं. त्यामुळे भाऊ सुरुवातीला काम संपल्यावर चेक आउट करायचे आणि फाइल त्यांच्या नावावर कुलूपबंद होऊन बसायची. शेजारी दुसरं बटण होतं, 'नवीन प्रत मिळवा'. ते दाबलं की फाइल यायची, उघडायची, तिच्यात लिहिताही यायचं. सकाळभर लिहून मी ती ठेवायला गेले की सॉफ्टवेअर सांगायचं, ही फाइल फक्त वाचण्यासाठी आहे. मग सकाळी का नाही सांगितलं? लिहू का दिलं? याचं उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतं. आणि फाइल परत करताना दर वेळी एक चौकोन यायचा, त्यात काय बदललं ते लिहायचं. चौकोन रिकामा ठेवला तर पुढे जाऊ द्यायचा नाही. पण त्यात नुसतं एक टिंब टाकलं तरी त्याचं समाधान व्हायचं. आमच्या सगळ्या इतिहासात मग टिंबंच टिंबं झाली.

संध्याकाळी मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही काम करता की कामाची परवानगी मागता?"

मला राग आला. त्यांचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

सोयाबीनचा हंगाम भरात होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी भाऊ नव्हते. महूला त्यांच्या घरी बहिणीचा साखरपुडा होता. मी नुकतीच येऊन बसले होते, तेवढ्यात सांवेरच्या कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. भियांनी घेतला आणि रिसीव्हर कानापासून लांब धरला. पावतीवर ओलीची काट दोनदा लागत होती. शेतकऱ्यांच्या ते लक्षात आलं होतं, ट्रॅक्टर फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत उभे होते आणि कोणी काट्यावर चढायला तयार नव्हतं.

चूक शोधायला मला वेळ लागला नाही. एक ओळ दोन ठिकाणी आली होती, ती एका ठिकाणची काढायची. पाच मिनिटांचं काम. मी काटा फाइल घ्यायला गेले. सॉफ्टवेअर म्हणालं, ही फाइल दुसऱ्या व्यक्तीकडे आहे. कोणाकडे, ते नाही सांगितलं. ते पाहायला वेगळ्या खिडकीत जावं लागायचं. तिथे गेले तर भाऊंचं नाव. फाइलीला कुलूप लावून भाऊ साखरपुड्याला गेले होते.

"तोड़ दो ताला," भिया म्हणाले.

"तुटत नाही. ज्याने लावलं त्यालाच काढता येतं. त्यांच्याच कंप्यूटरवर, त्यांच्याच पासवर्डने."

"तो फोन लगाओ."

फोन भाऊंच्या शेजाऱ्यांकडे होता आणि शेजारी बहुतेक साखरपुड्यातच होते. घंटी वाजत राहिली. इकडे दुसऱ्या लाइनवर मॅनेजर होता. नुसती प्रत घेऊन त्यात चूक दुरुस्त करता आली असती, आणि आजची मी असते तर तेच केलं असतं. पण गिऱ्हाईकाकडे त्या सॉफ्टवेअरचा अहवाल रोज जायचा, आणि बाहेरच्या बाहेर काही बदललं तर करार मोडला असं त्यांनी लिहून घेतलं होतं. भिया त्या कागदाला फार भ्यायचे. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "उसके घर चली जाओ," ते म्हणाले, "अपन और क्या करें."

मी घरी फोन केला, कारण आमच्याकडे स्कूटर होती आणि ती बाबा चालवायचे. बाबांनी कारणसुद्धा पूर्ण ऐकलं नाही. थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी ते हजर होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी मागे बसले. राऊ गाव येईपर्यंत ते स्कूटर पळवत राहिले. मग वाऱ्यातून मान थोडी वळवून म्हणाले, "एका ओळीसाठी महू."

"हो."

"ओळ खोडायची आहे की लिहायची?"

"खोडायची."

पुढे ते हसत होते. त्यांचे खांदे हलत होते, ते मला मागून दिसत होतं. मला मात्र हसू येत नव्हतं. मी मनातल्या मनात ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाशी भांडत होते.

महूला भाऊंच्या दारात मांडव होता. तसबिरींना ताजे हार घातलेले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने बसलेली, वंदना नुकतीच संपली होती. भाऊ आम्हाला पाहून घाबरलेच. त्यांना वाटलं ऑफिसात काही बरंवाईट झालं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं तर त्यांचा चेहरा आणखी उतरला.

"ताई, मी पासवर्ड देतो. पण त्या फाइलीत माझं बरंच अर्धवट काम आहे. ओलीचे नवे टप्पे लिहितोय. अजून परत ठेवलेलं नाही, कारण पूर्ण झालेलं नाही. कुलूप काढताना ते जायला नको."

"मी आधी तुमच्या फोल्डरची प्रत फ्लॉपीवर घेईन."

"हो, घ्याच. आणि कुलूप काढताना ते एक प्रश्न विचारतं. नाही म्हणा."

"काय विचारतं?"

भाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. "नीट आठवत नाही. काहीतरी उलटं विचारतं. पण नाही म्हणा."

त्यांच्या आईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ट्रॅक्टर उभे आहेत, असं मी दोनदा म्हणाले. त्या माउलीने ट्रॅक्टरचा माझ्या जेवणाशी काय संबंध, अशा नजरेने पाहून पानात आणखी एक पुरी वाढली. बाबा आणि सुभेदारसाहेब तोवर मांडवाच्या खांबाशी उभे राहून, फौजेत हजेरी कशी घेतात आणि मिलमध्ये कशी घ्यायचे, यावर तल्लीन होऊन बोलत होते. बाबांना त्यांच्या टाइम ऑफिसाबद्दल इतकं कोणी विचारलं, असं मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते. उठवताना वाईट वाटलं.

ऑफिसात परत आलो तेव्हा दुपार कलली होती. बाबाही वर आले, म्हणाले बघू तरी. मी भाऊंच्या कंप्यूटरवर बसले. सॉफ्टवेअरने भाऊंचा फोल्डर म्हणून जो पत्ता दाखवला त्या फोल्डरची प्रत फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपीवर नाव लिहिलं, बाजूला ठेवली. मग कुलूप काढायचं बटण दाबलं. त्या बटणाचं नाव होतं, 'घेणं रद्द करा'.

प्रश्न आला. इंग्रजीत होता. मी त्याचा अर्थ अजून मराठीत नीट लावू शकलेले नाही, पण साधारण असा होता: परत न केलेले बदल न ठेवता हे रद्द करणं थांबवायचं नाही का? खाली तीन बटणं. हो. नाही. रद्द करा.

मी वाचला. पुन्हा वाचला. भिया खुर्चीमागून वाकून वाचत होते. "नो बोला था ना उसने? नो दबाओ."

"पण नाही म्हणजे काय नाही? थांबवायचं नाही की ठेवायचं नाही?"

"तो कैंसल कर दो."

"आपण रद्दच करतोय, भिया. रद्द करणं रद्द करायचं की रद्द करायचं?"

बाबांनी चष्मा चढवला. त्यांचं इंग्रजी जुन्या वळणाचं पण पक्कं होतं, ऑफिसच्या ऑर्डरी वाचून वाचून झालेलं. त्यांनी ते वाक्य मोठ्याने, प्रत्येक शब्दावर थांबत वाचलं.

"मिलच्या फाटकावर लागलेली नोटीस अशीच होती," ते म्हणाले. "सगळ्यांनी वाचली. लेबर ऑफिसरनेही वाचली. उद्या यायचं की नाही, ते कोणालाच कळलं नाही."

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. काय करणार."

खाली दुकानात कापडाचं थान उलगडल्याचा आवाज येत होता. फोन पुन्हा वाजू लागला. सांवेरचाच असणार. भाऊंनी सांगितलं होतं म्हणून मी 'नाही' दाबलं.

सॉफ्टवेअरने सांगितलं, क्रिया यशस्वी झाली. कुलूप निघालं. मी फाइल माझ्या नावावर घेतली, ती जास्तीची ओळ खोडली, परत ठेवली, चौकोनात टिंब टाकलं. मग भाऊंचा फोल्डर उघडून पाहिला. त्यात ओलीचे नवे टप्पे नव्हते. जुनीच फाइल होती. मी घाईघाईने फ्लॉपी लावली. तिच्यातही जुनीच फाइल होती. सॉफ्टवेअरने पत्ता दाखवला होता तो त्याच्या स्वतःच्या ठरीव फोल्डरचा. शोधल्यावर कळलं, भाऊ काम करत होते ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये, आणि कुलूप काढताना तिथलं पुसायचं हे मात्र सॉफ्टवेअरला अचूक माहीत होतं.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. नुसता संताप आला, आणि तो ठेवायला जागा नव्हती. माणसावर रागावता येतं. या वाक्यावर कसं रागवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन बाबा आणि मी स्कूटरने सांवेरला गेलो. उज्जैनच्या रस्त्यावर कारखान्याच्या बऱ्याच अलीकडूनच ट्रॅक्टरांची रांग सुरू झाली होती. लोक ट्रॉल्यांवर पोत्यांना टेकून बसले होते. मी आत जाऊन कंप्यूटरला बसले. प्रोग्राम चढवायला, पावत्या तपासायला वेळ लागणार होता. बाबांना मी फाटकाशी सोडलं होतं.

अर्ध्या तासाने बाहेर पाहिलं तर बाबा फाटकावर उभे राहून वाद घालत होते. कोण आधी आलं आणि कोण मध्ये घुसलं, यावरून दोन ट्रॅक्टरवाल्यांची जुंपली होती आणि बाबा दोघांवरही ओरडत होते. त्यांनी कुठूनतरी खडू मिळवला होता आणि प्रत्येक ट्रॉलीच्या फळीवर क्रमांक घातला होता. मला लाज वाटली. मी त्यांना हाक मारायला निघाले तर मॅनेजर म्हणाला, "रहने दो मॅडम, दो दिन में पहली बार लाइन सीधी लगी है."

पावत्या नीट छापून येऊ लागल्या. आत तेलाची यंत्रं चालू होती, त्यांचा घरघराट भिंतींतून येत होता, आणि बाबा मधूनमधून मान वळवून तिकडे पाहत होते. जाताना मॅनेजरने त्यांना हंगामापुरतं फाटकावर याल का, असं विचारलं. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि राजवाड्याला मला सोडेपर्यंत विचार केला. सोमवारपासून ते सांवेरच्या बसने जायला लागले. माझी संध्याकाळची हजेरी बंद झाली, कारण आता त्यांच्याचकडे सांगायला इतकं असायचं की माझ्यापर्यंत पाळीच यायची नाही.

भाऊ परत आले ते पेढ्यांचा डबा घेऊन. मी डबा उघडायच्या आधी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी 'नाही' म्हणा सांगितलं होतं, ताई."

"मी 'नाही'च म्हटलं."

"मग जायला नको होतं."

"पण गेलं."

"तुमच्याकडून दुसरं काहीतरी दाबलं गेलं असेल."

हे मला लागलं. त्यांचं बरंच काम गेलं होतं हे मला मान्य होतं, पण ज्या वाक्याचा अर्थ तीन माणसांना मिळून लागला नाही त्याचं खापर माझ्या बोटावर फुटावं, हे मला मान्य नव्हतं. मी म्हणाले, "बसा. एक खोटी फाइल बनवा आणि तुम्हीच करून दाखवा."

भाऊ बसले. खोटी फाइल बनवली, घेतली, तिच्यात चार ओळी लिहिल्या. कुलूप काढायला गेले. प्रश्न आला. त्यांनी तो वाचला आणि त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. पुन्हा वाचला. मग, ज्या खात्रीने महूला मला सांगितलं होतं त्याच खात्रीने, त्यांनी 'नाही' दाबलं. चार ओळी गेल्या. त्यांनी दुसरी खोटी फाइल बनवली आणि 'रद्द करा' दाबलं. तिच्यातल्या ओळी राहिल्या, पण कुलूपही राहिलं. तिसऱ्यांदा 'हो' दाबलं. ओळी राहिल्या आणि कुलूप निघालं.

भाऊ उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले. "हो म्हणायचं होतं," ते म्हणाले. एवढंच. मग पेढ्यांचा डबा स्वतःच उघडून माझ्यापुढे धरला.

त्याच दुपारी आम्ही सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला बंगलोरला एसटीडी लावली. बऱ्याच वेळाने एक मुलगा फोनवर आला. मी त्याला प्रश्न वाचून दाखवला आणि विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, मॅन्युअलमध्ये आहे. मी म्हणाले, मॅन्युअल माझ्या मांडीवर आहे, त्यात हेच वाक्य छापलं आहे. तो म्हणाला, मग बरोबर आहे, मॅडम. भाऊंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं की काम पुसायचं असेल तर 'नाही' आणि ठेवायचं असेल तर 'हो', हे कोणाच्या घरी चालतं? पलीकडून उत्तर आलं की सॉफ्टवेअर असंच चालण्यासाठी बनवलेलं आहे. तक्रार असेल तर लेखी पाठवा.

आम्ही लेखी पाठवली. तक्रारीबरोबर तो प्रश्न कसा विचारावा, हेही साध्या इंग्रजीत लिहून पाठवलं. उत्तराची वाट न पाहता भाऊंनी आणि मी ओलीचे टप्पे पुन्हा लिहायला घेतले. एका कंप्यूटरपुढे दोन खुर्च्या टाकून. भाऊ आठवून सांगायचे, मी लिहायचे. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. आणि आपण आधी कसं लिहिलं होतं ते अर्धंच आठवतं, उरलेल्या अर्ध्याच्या जागी चिडचिड होते.

ते संपल्यावर भाऊ म्हणाले, "आपण याच्यापुढे आपलाच एक छोटा प्रोग्राम बसवू. बटणं आपली. आत काय दाबायचं ते तो दाबेल."

हे काम मी आनंदाने केलं. अडचण आली ती बटणावर काय लिहायचं इथे. 'चेक आउट' नको, यावर एकमत होतं. भाऊ म्हणाले 'घेतो' लिहा. मी म्हणाले, मग माझ्यासाठी 'घेते' लागेल. भिया म्हणाले हिंदीत लिहा. हिंदीत तर 'ले रहा हूँ' की 'ले रही हूँ', पुन्हा तोच घोळ. शेवटी रोमन अक्षरांत 'मला हवी' असं लिहिलं. ते कोणीही म्हणू शकतं. परत ठेवायच्या बटणावर लिहिलं, 'झालं माझं'. आणि वर मोठ्या अक्षरांत, विचारल्याशिवाय दिसेल असं, फाइल कोणाकडे आहे आणि कधीपासून. लिखाण टाकून द्यायचं असेल तर वेगळं बटण होतं, त्यावर 'माझं लिखाण फेकून दे' एवढंच लिहिलं होतं. ते दाबलं तरी प्रोग्राम गुपचूप एक प्रत जपून ठेवायचा, कारण माणूस रागाच्या भरात काहीही दाबतो. भियांना मराठी बोलता येत नव्हतं, पण चार दिवसांत तेही 'झालं माझं' म्हणत जेवायला उठायला लागले.

मग अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाच्या अहवालात आमच्या छोट्या प्रोग्रामचं नाव दिसलं. तिकडून लगेच पत्र आलं. मान्यता नसलेलं साधन वापरता येणार नाही, काढून टाका. मी भियांना म्हणाले, त्यांना सांगा, याच्यामुळे चुका थांबल्या आहेत. भियांनी सांगितलंही. उत्तर आलं की चुका थांबल्या हे चांगलं आहे, तरी काढून टाका.

त्यांच्या कामासाठी आम्ही ते काढलं. काट्याच्या कामासाठी ठेवलं. त्यामुळे दिवसातला अर्धा वेळ मी साध्या भाषेत काम करायचे आणि अर्धा वेळ त्या प्रश्नांना उत्तरं देत बसायचे. जेवणानंतर खुर्ची बदलली की डोकंही बदलावं लागायचं. एकदा मी अमेरिकेच्या फाइलीत काय बदललं त्या चौकोनात टिंबाऐवजी 'झालं माझं' लिहून टाकलं. त्याचा अर्थ काय, असं विचारणारं पत्र आलं. भाऊंनी उत्तर लिहिलं की स्थानिक भाषेत काम पूर्ण झाल्याची नोंद. त्यावर तिकडचे लोक खूश झाले.

आमच्या लेखी तक्रारीचं काय झालं, हे कळायला पुढचा हिवाळा उजाडला. बंगलोरहून एक पार्सल आलं. आत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची सीडी होती, आमच्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार मानणारा छापील कागद होता, आणि एक टोपी होती, तिच्यावर सॉफ्टवेअरचं चित्र.

भाऊंनी टोपी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "म्हणजे शेवटी टोपीच घातली," ते म्हणाले.

मी सीडी लावली. नवी आवृत्ती चढायला बराच वेळ लागला, तोवर भियांनी खालून कचोऱ्या मागवल्या. चढल्यावर मी एक खोटी फाइल बनवली, घेतली, चार ओळी लिहिल्या आणि कुलूप काढायचं बटण दाबलं. भाऊ आणि भिया हातात कचोरी धरून मागे उभे होते. प्रश्न आला. शब्द न् शब्द तोच होता. बटणंही तीच, त्याच क्रमाने. फक्त अक्षरं मोठी केली होती आणि बाजूला पिवळ्या त्रिकोणात एक उद्गारचिन्ह आलं होतं.

"अब क्या दबाना है?" भियांनी विचारलं.

भाऊ म्हणाले, "आधी कचोरी खाऊन घ्या, गार होतेय." आम्ही ती खाल्ली, हात धुतले, आणि मी आमचा जुना छोटा प्रोग्राम नव्या आवृत्तीला जोडायला बसले. नव्या आवृत्तीत आतली बटणं दुसऱ्या जागी गेली होती, त्यामुळे सगळी जोडणी पहिल्यापासून करावी लागणार होती.